पुणे की बंगळुरू? पगाराच्या स्लिपवरची २०० रुपयांची ओळ बघा

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता भाचीचा फोन आला. "मामा, दोन ऑफर आल्यात. एक बंगळुरूची, एक पुण्याची. परवापर्यंत कळवायचंय. कुठली घेऊ?"

ती मूळची कराडची, चार वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आईवडील दोघंच कराडला असतात. मी सहा वर्षं बंगळुरूत काढून पुण्याला परत आलोय, त्यामुळे आमच्या घरात हा प्रश्न कुणाला पडला की तो माझ्याकडेच येतो. नेहमी मी पाच मिनिटांत उत्तर देतो. या वेळी मात्र कागद घेऊन बसलो, कारण तिने पुढे विचारलं, "तिकडे पगार जास्त आहे म्हणजे ते शहर जास्त श्रीमंत आहे ना? मग तिथे राहणंही जास्त चांगलं असायला हवं. तसं का नाही?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर बरंच लांब जातं. आधी तिचा हिशेब बघू, मग शहरांचा.

चार लाखांचे बारा हजार कसे होतात?

दोन्ही ऑफरमधला बोनस, शेअर, ग्रॅच्युइटी बाजूला काढली. नुसता रोख पगार धरला, तर बंगळुरूचे वर्षाला २० लाख आणि पुण्याचे १६ लाख. सरळ चार लाखांचा फरक. आता वजाबाकी करू.

- नव्या कररचनेत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून २० लाखांवर साधारण १.९२ लाख कर बसतो आणि १६ लाखांवर १.१३ लाख. म्हणजे फरक ३.२१ लाखांवर आला. महिन्याला २६,७०० रुपये.
- बंगळुरूचं ऑफिस आउटर रिंग रोडवर, बेलंदूरला. तिथे तिला वन बीएचकेचं भाडं सांगितलं ३४,०००. पुण्याचं ऑफिस हिंजवडी फेज ३ मध्ये, आणि वाकडला तिला २२,००० मध्ये घर मिळत होतं. १२,००० गेले, उरले १४,७००.
- महिन्यातून एकदा कराडला यायचं. पुण्याहून ते १६० किलोमीटर, बंगळुरूहून जवळपास ६८० किलोमीटर. बसच्या भाड्यातच तीनेक हजारांचा फरक पडतो. उरले साधारण १२,०००.

शिवाय डिपॉझिट. बंगळुरूत एकेकाळी दहा महिन्यांचं भाडं आगाऊ ठेवायची रीत होती. तिच्या घरमालकाने सहा महिन्यांचं मागितलं, म्हणजे २ लाख ४ हजार. वाकडला तीन महिन्यांचं, म्हणजे ६६ हजार.

पीएफ मी मुद्दाम धरला नाही, त्याने चित्र फार बदलत नाही. तर चार लाखांची उडी हातात येईपर्यंत महिन्याला बारा हजारांवर आली. तरी बारा हजार हे बारा हजारच. नुसता पैसा बघायचा तर बंगळुरू पुढेच.

बंगळुरूची खरी श्रीमंती पगारात नाही

एक गंमत सांगतो. इन्फोसिसची स्थापना १९८१ साली पुण्यात झाली. १९८३ मध्ये कंपनी बंगळुरूला गेली, कारण मायको ही तिथली कंपनी ग्राहक म्हणून मिळाली. एका ग्राहकापायी मुक्काम हलला! पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

अर्थात बंगळुरूचं नशीब त्या एका कंपनीने उघडलं असं नाही. १९०९ पासून तिथे भारतीय विज्ञान संस्था होती. १९४० पासून हिंदुस्थान एअरक्राफ्ट, नंतर भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इस्रो आले. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तिथे केंद्र काढलं आणि परदेशी कंपन्यांना वाट दिसली. २००७ मध्ये फ्लिपकार्ट सुरू झालं. २०१८ मध्ये वॉलमार्टने त्यातला ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला, तेव्हा शेअर असलेल्या अनेक साध्या कर्मचाऱ्यांच्या हातात मोठी रक्कम आली. त्यांतल्या काहींनी स्वतःच्या कंपन्या काढल्या, काहींनी दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे घातले. असा पैसा फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत नव्या नोकऱ्या काढतो.

पुण्याचं तसं नाही. इथली श्रीमंती शांत आहे. बजाज, टाटा मोटर्स, भारत फोर्ज यांच्यामुळे यंत्रं बनवणाऱ्यांचं शहर आधीपासून होतं. १९८८ मध्ये सी-डॅक आलं, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक इथे तयार झाला. १९९० च्या सुमारास पर्सिस्टंट आणि केपीआयटी उभ्या राहिल्या. गाडीतलं सॉफ्टवेअर, बँकांच्या यंत्रणा, कारखान्यांचं ऑटोमेशन यांत पुणं तगडं आहे. पण "कंपनी विकली आणि दोनशे जण करोडपती झाले" असे किस्से इथे क्वचितच ऐकू येतात.

नोकरदाराच्या दृष्टीने याचा अर्थ काय? बंगळुरूत पहिली नोकरी चुकली तर दुसरी त्याच रस्त्यावर असते. मी तिथे असताना घर न बदलता तीन कंपन्या बदलल्या. पुण्यात एखाद्याला आपल्याच विषयातली तितकीच चांगली दुसरी नोकरी हवी असेल, तर पर्याय मोजकेच निघतात. पगारापेक्षा हा फरक मोठा आहे, आणि तो ऑफर लेटरवर लिहिलेला नसतो.

आणि आता ४८ सेकंद

टॉमटॉम ही कंपनी जगभरातल्या शहरांतल्या वाहतुकीचा वेग मोजते. तिच्या २०२४ च्या आकड्यांनुसार १० किलोमीटर जायला बंगळुरूत सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागतात. जगात तिसरा नंबर! आपण हसायच्या आत चौथा नंबर बघा. पुणे, ३३ मिनिटं २२ सेकंद.

फरक ४८ सेकंदांचा. "बंगळुरूत ट्रॅफिक भयंकर, पुणं बरं" हे वाक्य आपण अजून बोलतो, पण त्याची मुदत संपलीय.

दोन्हीकडच्या तक्रारीही सारख्याच झाल्यात. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या सकाळी हिंजवडीच्या पाहणीला गेले आणि इथलं आयटी पार्क बंगळुरू, हैदराबादला चाललंय, असं तिथेच बोलून गेले. दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, बंगळुरूत ब्लॅकबक या कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर केलं की खड्डे आणि दीड तासाच्या प्रवासाला कंटाळून आम्ही बेलंदूरचं ऑफिस सोडतोय. आंध्र प्रदेशच्या मंत्र्यांनी लगेच विशाखापट्टणमचं आमंत्रण दिलं. म्हणजे पुण्याला भीती बंगळुरूची आणि बंगळुरूला विशाखापट्टणमची.

पण ब्लॅकबकने नंतर काय सांगितलं? शहर सोडत नाही, शहरातल्या शहरातच दुसरीकडे जातोय. इतकं वैतागूनही बंगळुरू सोडवत नाही, कारण माणसं तिथे मिळतात. वर म्हटलं ती श्रीमंती हीच.

मग हा पैसा शहराला का दिसत नाही?

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. तुमच्या पगाराची स्लिप उघडा. कपातींत "प्रोफेशनल टॅक्स" नावाची एक ओळ असते, २०० रुपयांची. फेब्रुवारीत ती ३०० होते. वर्षाचे २,५००. महाराष्ट्रात हे अनेक वर्षं असंच आहे, आणि आता कर्नाटकातही वर्षाला तेवढेच जातात. वीस लाख पगारवालाही २,५०० देतो आणि दोन कोटीवालाही २,५००.

असं का? राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये या कराची कमाल मर्यादाच ठरवून दिली आहे. ती २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. तेव्हापासून ती हललेली नाही. १९८८ म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला बंगळुरूत येऊन तीनच वर्षं झाली होती आणि हिंजवडीत आयटी पार्कचा पत्ताही नव्हता.

बरं, हे २,५०० तरी महापालिकेला मिळतात का? नाही, ते राज्य सरकारकडे जातात. महाराष्ट्रात हा कर १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी सुरू झाला. हेतू चांगलाच होता, पण तुमच्या रस्त्याशी त्याचा संबंध नाही. तमिळनाडूत मात्र हाच कर स्थानिक संस्था गोळा करतात, त्यामुळे चेन्नईत तो महापालिकेला मिळतो.

बाकीच्या करांचं काय?

- आयकर: केंद्राकडे जातो. केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतला ४१ टक्के वाटा सगळ्या राज्यांना मिळून मिळतो, तोही वेगळ्या सूत्राने. तुम्ही कुठल्या शहरात कमावलं याला त्यात किंमत नाही.
- जीएसटी: सॉफ्टवेअर निर्यातीवर तो शून्य दराने लागतो, आणि कंपनीने खरेदीवर भरलेला करही तिला परत मिळू शकतो. म्हणजे हजारो कोटींची निर्यात झाली तरी त्यावर जीएसटी नाही. तुम्ही हॉटेलात जाता, मोबाइल घेता तेव्हा जो कर भरता, तो केंद्र आणि राज्यात वाटला जातो.
- जकात, एलबीटी: पूर्वी पुणे महापालिकेचा हा स्वतःचा मोठा आधार होता. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी आला, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तोही संपला. आता राज्य सरकार त्याची भरपाई देतं. ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. शहरातले पगार दुप्पट झाले तरी आठच टक्के.

मग महापालिकेच्या हातात स्वतःचं काय उरलं? मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. घराच्या खरेदीवरही थोडं मिळतं. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, त्यात १ टक्का स्थानिक संस्थेचा आणि १ टक्का मेट्रोचा.

इथेच खरी मेख आहे. तुमचा पगार वाढला तर शहराला काही मिळत नाही. नवी इमारत उभी राहिली तर मिळतं. मग शहर काय करेल? इमारतींना परवानगी देत जाईल. रस्ता, पाणी, ड्रेनेज हा खर्च आहे, तो नंतर. आधी टॉवर, मागून रस्ता हा क्रम कुणाच्या आळसामुळेच होतो असं नाही, पैसे येण्याची वाटच तशी आहे. ही वाट दोन्ही शहरांत जवळपास सारखी, म्हणून ट्रॅफिकमध्ये फरक फक्त ४८ सेकंदांचा.

दोन आयटी पार्क, दोन गोष्टी

आता एक उदाहरण घेऊ, म्हणजे हे नुसतं रडगाणं वाटणार नाही.

बंगळुरूची इलेक्ट्रॉनिक सिटी १९७० च्या दशकाच्या शेवटी कर्नाटक सरकारच्या केओनिक्स या कंपनीने वसवली. २०१३ मध्ये तिला औद्योगिक नगरीचा दर्जा मिळाला आणि एल्सिटा नावाचं स्वतंत्र प्राधिकरण आलं. तिथला मिळकतकर ते गोळा करतं, काही हिस्सा आसपासच्या ग्रामपंचायतींना देतं आणि उरलेला तिथल्याच रस्ते, दिवे, कचरा, पाण्यावर खर्च करतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे मेट्रोची पिवळी लाइन पोहोचली. वसाहत वसल्यानंतर चार दशकांहून जास्त काळाने! पण पोहोचली. त्यातल्या एका स्थानकासाठी इन्फोसिस फाउंडेशनने २०० कोटी देण्याचा करार केला होता.

हिंजवडी बघा. आयटी पार्क एमआयडीसीचं, गाव ग्रामपंचायतीचं, नियोजन पीएमआरडीएचं आणि शेजारचं वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेचं. वर्षानुवर्षं हेच चाललंय. पाऊस पडून रस्त्यावर पाणी साचलं की नाला कुणाचा इथपासून चर्चा सुरू होते. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, प्रत्यक्ष काम २०२१ च्या शेवटी सुरू झालं आणि पुढे मुदतीवर मुदत वाढत गेली. मध्ये २०२० साली विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडावा लागला, कारण मेट्रोचा विचार न करताच तो बांधला होता.

एल्सिटा म्हणजे जादू नाही, हेही सांगतो. तिथे नागरिकांनी निवडलेले नगरसेवक नाहीत, कंपन्यांचा शब्द मोठा आहे. कुंपणाबाहेर पडलात की तेच खड्डे. आउटर रिंग रोडला तर असलं प्राधिकरणही नव्हतं. ऑगस्टअखेर २०२२ च्या पावसात तिथले आयटीवाले ट्रॅक्टरमध्ये बसून ऑफिसला गेले, आणि त्या एका दिवसाचं नुकसान कंपन्यांच्या संघटनेने २२५ कोटी रुपये सांगितलं होतं.

तरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जिथे गोळा झालेला कर तिथेच खर्च होतो आणि जबाबदार कोण ते ठरलेलं असतं, तिथे काम दिसतं.

आणि जबाबदार माणूस म्हणाल तर दोन्ही शहरांचं सारखंच. बंगळुरूत सप्टेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षं निवडणूक नाही. मग सप्टेंबर २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच महापालिका केल्या. पुण्यात मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासक होते, निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. ज्या काळात दोन्ही शहरं सगळ्यात वेगाने वाढत होती, त्याच काळात खड्ड्याबद्दल जाब विचारायला निवडून आलेलं कुणी नव्हतं.

पुण्याच्या हातातला हुकमाचा पत्ता: पाणी

एका बाबतीत पुणं खरंच नशीबवान आहे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि जवळ मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी जवळपास १०० किलोमीटरवरून, टप्प्याटप्प्याने पंप लावून, काहीशे मीटर वर चढवून आणावं लागतं. वीज बंद तर पाणी बंद. २०२४ च्या उन्हाळ्यात काय हाल झाले ते सगळ्या देशाने पाहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला ७७.५ कोटी लिटर जास्तीचं पाणी आणणारा. तोही मुख्यतः २००७ मध्ये शहरात आलेल्या ११० गावांसाठी. त्यांना नळाच्या पाण्यासाठी सतरा वर्षं थांबावं लागलं.

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं हाताशी आहेत. मिळून सुमारे २९ टीएमसी. पाणी वरून खाली येतं.

पण हा पत्ताही आपण नीट खेळत नाही. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. इमारती भराभर उठल्या, नळ मागे राहिले, टँकर सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता आणि त्या भागात नव्याने आलेली गावं होती. धरण नजरेसमोर आणि घरात पाण्याची भीती!

बंगळुरूने ११० गावं घेऊन जी चूक केली, तीच आपण दहा-चौदा वर्षांनी करतोय. फरक इतकाच की आपल्यासमोर त्यांचं उदाहरण होतं.

भाचीला काय सांगितलं?

मी तिला म्हटलं, बंगळुरूला जा. त्या बारा हजारांसाठी जाऊ नकोस. तिथल्या चार-पाच वर्षांत जे काम आणि जी माणसं मिळतील, ती पुण्यात इतक्या सहज मिळणार नाहीत. पण तिथे दोन वर्षं तरी फ्लॅट घ्यायचा नाही. ऑफिसपासून चालत वीस मिनिटांवर घर भाड्याने घे, भाडं चार हजार जास्त गेलं तरी चालेल. आणि भाडेकरार करण्याआधी सोसायटीत एकच प्रश्न विचार: पाणी कावेरीचं, बोअरचं की टँकरचं?

ती म्हणाली, "आणि आईबाबा?" त्याचं उत्तर कुठल्याच आकड्यात नव्हतं. ताईची शुगर, भाऊजींचा गुडघा, आणि रात्री काही झालं तर पुण्याहून तीन तास, बंगळुरूहून अख्खी रात्र. मी म्हटलं, त्याचं उत्तर तुलाच द्यावं लागेल, मला फक्त शहरांचं कळतं.

दोन दिवसांनी मेसेज आला. तिने पुण्याची ऑफर घेतली. मला वाईट वाटलं नाही. तिने पाचशे किलोमीटर वाचवले, आणि ते बारा हजारांपेक्षा जास्त आहेत असं तिचं तिने ठरवलं.

पण मग एक विचार सुटत नाही. पुण्याचं आज जे आकर्षण आहे, ते बरंचसं असंच आहे: गाव जवळ, भाषा आपली, पाणी जवळ. यातलं काहीच आपण कमावलेलं नाही, ते भूगोलाने दिलंय. तिच्यासारखी माणसं या शहरासाठी पगार सोडून येतात, आणि शहर त्यांना बदल्यात ३३ मिनिटं २२ सेकंद देतं.

आता पुण्यात नगरसेवक आहेत. ते भेटले तर "रस्ता कधी करणार" एवढंच विचारून थांबू नका. आपल्या भागातून मिळकतकर आणि बांधकाम शुल्क किती गोळा झालं आणि त्यातलं किती आपल्याच भागात खर्च झालं, हे लेखी मागा. हिंजवडीत राहत असाल तर तोच प्रश्न ग्रामपंचायतीला आणि एमआयडीसीलाही विचारा. आणि तुमच्या वॉर्डाचा हा आकडा मिळाला तर खाली कमेंटमध्ये नक्की टाका. सगळे आकडे जमले की मी त्यांचा एक नकाशा करून इथेच देईन.